अकरा मिनिटं थांबणारा वाचक

१ सप्टेंबर, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. उद्या यशस्वी झाल्यावर लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. पुरावा हाताशी असावा.

परिस्थिती अशी. बायकोचं अल्टरेशनचं दुकान. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. अठरा वर्षं चाललं, आता गिऱ्हाईक आटलंय. काल म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर दुकान बंद करून चौकातल्या रेडिमेड शोरूममध्ये नोकरी धरते. मी म्हटलं, छे! महिनाभर मला दे. वेबसाइट काढतो, रांग लावतो. त्यासाठीच तर कुरियर ऑफिसातली नोकरी सोडली. साहेबाशी वाजलं होतं हेही खरं, पण एका गोष्टीला दोन कारणं असू शकतात.

ती म्हणाली, त्यापेक्षा पाटीवरचा दिवा गेलाय, तेवढा बदल. हिला मोठा विचार करताच येत नाही. दिवा उद्या.

४ सप्टेंबर
वेबसाइट तयार. नाव ‘वस्त्रवैद्य’. बायकोला नाव सांगितलेलं नाही. पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की एकदम सरप्राइज. ‘संपर्क’ पानावर तूर्त ‘लवकरच येत आहे’. लोगो ठरल्याशिवाय पत्ता टाकणं बरं दिसत नाही.

‘शिवणकाम’ असं शोधून पाहिलं. चौदाव्या पानापर्यंत गेलो. आम्ही कुठेच नाही. अंगठा दुखायला लागला.

६ सप्टेंबर
एक व्हिडिओ पाहिला. मोठ्या शब्दांच्या मागे लागू नका, म्हणतो. लोक शोधताना अख्खं वाक्य टाइप करतात. ते नेमकं वाक्य पकडा. शोधणारे थोडे, पण येईल तो हमखास गिऱ्हाईक. डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटीवर नाही पडला अजून. दिवा उद्या.

बायकोला विचारलं, गिऱ्हाईक नेमकं कुठल्या शब्दांत काम सांगतं? म्हणाली, शब्द कसले, पिशवी पुढे करतं आणि म्हणतं, हे जरा बघा हो. ‘हे जरा बघा हो’ शोधून पाहिलं. कुत्र्यांचे व्हिडिओ आले.

तेव्हा स्वतःच डोकं चालवलं. वेबसाइटवरचं आजचं पान: ‘सहा महिन्यांत सात किलो वाढलेल्या माणसाचा काळा कोट पोटावर सैल करणे’. याहून नेमकं ते काय असायचं!

९ सप्टेंबर
भेटी: सात. सातही माझ्याच.

११ सप्टेंबर
बायको डोळे तपासायला गेली. दोन तास दुकानात मला बसवलं. शेजारचा ड्रायक्लीनर अधूनमधून गिऱ्हाईक पाठवतो. कसं? नुसतं बोट दाखवून. जग कुठे चाललंय आणि हा गृहस्थ बोट दाखवतोय.

त्याने पाठवलेले एक काका आले. पिशवी पुढे केली. मी म्हटलं, थांबा, हे तुम्ही मोबाइलवर शोधलं असतंत तर काय टाइप केलं असतंत? म्हणाले, पँट दोन बोटं आखूड करायची आहे. म्हटलं, कुठली पँट, कशासाठी, घाई किती, सगळं एका वाक्यात सांगा. काका पिशवी उचलून चालते झाले. जाताना एक वाक्य मात्र देऊन गेले: ‘पँट आखूड करायला एवढ्या चौकशा कशाला’. लगेच पान टाकलं.

बायकोला हे सांगितलं नाही. तिच्या डोक्याला उगाच ताप.

१५ सप्टेंबर
जिंकलो! वेबसाइटच्या रिपोर्टमध्ये पहिला खरा वाचक. आपल्याच शहरातला, दुपारी तीनला, मोबाइलवरून. शोधलं होतं: ‘अल्टरेशनच्या दुकानात गिऱ्हाईक का येत नाही’. परवा मी त्यावर पान लिहिलंच होतं, स्वानुभवातून. अकरा मिनिटं थांबला!

गिऱ्हाईक नाही, कुणीतरी आपल्यासारखाच धंदेवाला दिसतो. हरकत नाही. आज अकरा मिनिटं थांबला, उद्या चार लोकांना सांगेल. अशा माणसाला धरून ठेवायचं. तो जे शोधेल त्यावर पान.

१९ सप्टेंबर
वाचक परत आला. बरोबर तीनला. ‘जुने शिलाई मशीन चांगल्या हातात कसे द्यावे’. वा! बाराशे शब्द लिहिले. भंगारात घालू नका, शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. तेल घालून द्या. सुयांची डबी सोबत द्या.

दुपारी दुकानात डोकावलो तर बायको मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. चिडलो. म्हटलं, मी रक्त आटवतोय आणि तू टाइमपास करतेस. मोबाइल पालथा ठेवून सुईत दोरा ओवायला लागली. दिव्याचं बोलत नाही हल्ली. चला, विसरली.

२४ सप्टेंबर
वाचक बाई आहे! आजचा शोध: ‘नवऱ्याला वाईट न वाटू देता दुकान बंद करत असल्याचे कसे सांगावे’.

नवरा असेल कुठला तरी रिकामटेकडा. अशांच्या बायकांचं मोठं कठीण. मन लावून लिहिलं. म्हटलं, ताई, सरळ सांगा. उभ्या उभ्या नको. चहा करा, दोन बिस्किटं ठेवा, समोर बसा आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका. नवरे दिसतात त्यापेक्षा समजूतदार असतात. शेवटच्या ओळीला मलाच भरून आलं.

पान टाकल्यावर परत आली. सोळा मिनिटं थांबली.

३० सप्टेंबर, दुपारी ३
बायको दुकानातून लवकर आली. चहा केला. एरवी कप ओट्यावर ठेवून हाक मारते. आज समोर बसली. बशीत बिस्किटं होती. दोन.

मी एक बिस्किट उचललं.

पहिल्याच वाक्यात म्हणाली, दुकान बंद केलं. मशीन शिवण शिकणाऱ्या एका मुलीला दिलं, तेल घालून. उद्यापासून शोरूम. मी विचारलं, सुयांची डबी? म्हणाली, दिली, पण तुला कसं कळलं? मी म्हटलं, अंदाज.

मग स्वतःच म्हणाली, फार घाबरले होते रे सांगायला. एका वेबसाइटवर कुणीतरी इतकं नीट लिहिलंय. माणूस फार समजूतदार वाटला. आभार मानायला पत्ता शोधला, तर नुसतं ‘लवकरच येत आहे’.

मी सांगणार होतो. तोंडात बिस्किट होतं.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
भेटी: शून्य. दुपारी तीनला ती आता कामावर असते.

दुकानाची किल्ली मालकाला परत करायच्या आधी पाटीवरचा दिवा बदलला. चार मिनिटं लागली. उजेड पार रस्त्यापलीकडे जातो.

स्टुलावरून उतरतो न उतरतो तोच पलीकडून एक बाई आल्या. म्हणाल्या, रोज इथूनच जाते, पण अंधारात दुकान कधी दिसलंच नाही. पिशवी पुढे केली. म्हणाल्या, हे जरा बघा हो.

मी चौकातल्या शोरूमकडे बोट दाखवलं.