आठ सिलिंडरच्या गाडीची आणि शेडची वाटणी

मी, खाली स्वतःच्या हाताने सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे, शिक्षण चौथी अर्धी, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, वर त्यांच्या खुर्चीची शिवण उजवीकडून उसवली आहे हेही सांगितलं. कोणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेलं नाही. एकाने धरून पाहिला होता, ते पुढे येईल. माझ्या नावाने टाइप केलेलं एक मृत्युपत्र घरात फिरतं आहे. त्यावर माझी सही नाही आणि त्यातली भाषाही माझी नाही. 'वारसामूल्य' हा शब्द मी जन्मात कधी तोंडातून काढलेला नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मालमत्ता दोन भागांत लिहा. स्थावर आणि जंगम. जंगम म्हणजे हलणारी."

मी विचारलं, "मग गाडी कुठे लिहू? ती एकोणीस वर्षं जागची हललेली नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मी माझ्या पद्धतीने लिहिते आहे, त्यांनी समजून घ्यावं.

कलम एक. घर. पुढच्या दोन खोल्या आणि वरची गच्ची थोरल्या मुलाला. मागच्या दोन खोल्या धाकट्या सुनेला. धाकटा जाऊन सहा वर्षं झाली. सून मात्र माहेरी गेली नाही, माझ्याजवळ राहिली आणि माझाच धंदा तिने उचलला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, इथे सांगते.

कलम दोन. बँकेत जे असेल ते चारही नातवंडांना सारखं. फार नाही, भांडण्याइतकं तर मुळीच नाही.

कलम तीन. माझी दाभणं, मेणदोऱ्याची रिळं, फोम कापायचा सुरा आणि मोठी कात्री धाकट्या सुनेला. कात्रीने कागद कापायचा नाही. कापलेला कळला तर मी असेन तिथून खाली उतरेन.

कलम चार. गाडी. आता नीट बसते, कारण हे लांबणार.

ही गाडी आमच्या ह्यांनी घेतली तेव्हा ती कोणालाच नको होती. आठ सिलिंडर, पुढचं नाक एवढं लांब की वळणावर गाडी आधी पोचायची आणि माणूस मागून. एका कारखानदाराच्या विधवेने ती आमच्याकडे सीटा बदलायला आणली आणि परत न्यायलाच आली नाही. निरोप धाडला, "पेट्रोल पिते मेली, तुम्हीच ठेवा." ह्यांनी तिला जो भाव दिला त्यात धड मोटरसायकल आली नसती. ह्यांच्या गॅरेजमधले सगळे हसले. ह्यांना इंजिनाचं वेड, त्यांनी हसू दिलं. सीटा मी शिवल्या. तपकिरी कातडं, दुहेरी शिवण, सात आठवडे.

खोटं कशाला बोलू, मजा होती. एकदा ह्यांनी मला घाटात नेलं आणि पाय दाबला. आवाज कानात नाही, पोटात ऐकू आला. मी म्हटलं, "अहो, हळू." ते म्हणाले, "हळूच आहे." तो एक दिवस मी कोणाला देत नाही, तो माझ्यासोबत येईल.

हे गेले आणि गाडी माझ्या नावावर झाली. आरसी बुक माझ्या ट्रंकेत आहे. पण गाडी मागच्या शेडमध्ये होती, आणि थोरल्याने शेडला कुलूप घातलं. तो सांगायचा, "आई, पुढे पेट्रोलच्या गाड्या बनायच्याच बंद होणार. मग एवढ्या मोठ्या इंजिनाची गाडी लोक दिवा घेऊन शोधतील. आता चालवायची नाही. एकेक किलोमीटर म्हणजे भावाला भोक."

पहिल्या वर्षी त्याने दिल्लगी करावी तसं सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून तो खरंच तसं वागायला लागला. सीटांवर प्लॅस्टिक घातलं. बॅटरी काढली. आणि एक माणूस धरून आणला, जुन्या गाड्यांची किंमत सांगणारा. त्याला मी भाववाला म्हणते. दर वर्षी येतो, हातात पांढरे मोजे घालतो, बॉनेटवर टिचकी मारतो आणि म्हणतो, "यंदा आणखी चढला." काय चढलं? त्याचं जेवण चढलं असेल, थोरला त्याला हॉटेलात नेतो.

पहिल्या खेपेला त्याने सीटवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. "ओरिजिनल फॅक्टरी शिवण. असे हात आता राहिले नाहीत." मी दारात उभी होते, हेच हात पदराला पुसत. मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं निमित्त करून आत गेले. तेव्हाच कळलं, हा उंटावरचा शहाणा आहे. ह्याला गाडीतलं फक्त बोलता येतं.

मग त्यानेच अक्कल दिली की बॉनेटला सील लावा. इंजिनाला बाहेरचा हात लागलेला नाही हे सिद्ध झालं की भाव दुप्पट. बॉनेटच्या कडेवर सहीचा कागद चिकटवला. उघडलं की कागद फाटणार, कागद फाटला की भाव पडणार. म्हणजे ज्या इंजिनासाठी एवढा डांगोरा, ते बघायचंच नाही! भाजी घ्यावी आणि पिशवी उघडू नये, असला व्यवहार शिकलेल्या माणसांनाच सुचतो.

आता किमतीचं मी सांगते, फुकट. मी साठ वर्षं सीटा शिवल्या. माणसाला गाडी का हवी असते ते सीटच्या घडीवरून कळतं. मोठ्या इंजिनाची गाडी कोणाला हवी असायची? लहानपणी जिच्या मागे शेजारची पोरं धावली, ती गाडी त्या पोरांना मोठेपणी हवी असते. ती पोरं आता सत्तरीला आली. गुडघे धरून बसतात, गुडघे धरून उठतात. ही सीट जमिनीपासून वीतभर उंच. आत गेलेला म्हातारा काढायला दोन माणसं लागतात. आणि त्यांची नातवंडं? माझी मधली नात आवाज न करणारी गाडी चालवते. मी तिला म्हटलं, "आजोबांची घेशील का गं?" ती म्हणाली, "आजी, ती घरात बांधून ठेवलेल्या बैलासारखी आहे. खायला घाला, शेण काढा, नांगराला मात्र जुंपायचं नाही." पोरगी माझ्यावर गेली आहे.

हौस माणसाबरोबर जाते. गेलेल्या माणसाची हौस कोणी विकत घेत नाही. थोरल्याला हे मी तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला मार्केट कळत नाही." बाजारात तुरी, आणि मला मार्केट कळत नाही!

इकडे धाकटी सून बोळात बसून शिवायची. बोळ म्हणजे संडासाकडे जायची वाट. तिने ट्रकची सीट उचलली की सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. हातमशीन जाड कातड्यात अडायचं, तिची बोटं सुजायची. आणि पलीकडे बत्तीस फुटांची शेड, वरून उजेड, खाली सपाट फरशी, एका मुक्या गाडीसाठी. मी थोरल्याला म्हटलं, "गाडी अंगणात काढ, सुनेला जागा दे."

"उन्हात रंग उडेल."

"आणि तिच्या बोटांचं?"

"आई, बोटांना भाव नसतो."

असं म्हणाला. मी त्याची आई आहे, म्हणून त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं.

दहाबारा म्हणून ह्यांचा जुना मेकॅनिक आहे. कामाला लागला तेव्हा प्रत्येक कामाला दहा-बाराचा पाना मागायचा, म्हणून ते नाव. थोरला तीन दिवस कुठल्याशा प्रदर्शनाला गेला होता. मी ट्रंकेतली शेडची दुसरी किल्ली काढली, दहाबाराला बोलावलं आणि विचारलं, "सील न फाडता इंजिन निघेल का?"

तो गाडीखाली सरपटला, बाहेर आला. "वहिनी, सील वरून आहे. खालून कुठे आहे?"

दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरांचा डॉक्टर येऊन इंजिन घेऊन गेला. त्याच्याकडे असलीच गाडी, तिचं इंजिन तडकलं होतं. तो घोडे न्यायची ट्रॉली मागे जोडून डोंगरातल्या वाड्यांवर जातो, त्याला ताकद खरंच लागते. ज्याला लागते त्याला द्यावं. आलेल्या पैशांत मी सुनेला कातड्याचं जाड मशीन घेतलं.

इंजिन गेल्यावर गाडीचं नाक वर आलं, हवेत वास घेणाऱ्या कुत्र्यासारखं. दहाबारा घाबरला. मी म्हटलं, "चार पोती वाळू आण." खालूनच फळी टाकून पोती आत चढवली, नाक जागेवर बसलं. थोरला परत आला. मशीन बघून म्हणाला, "हे कुठून?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने दिलं." ते काही खोटं नाही.

त्याच महिन्यात भाववाला आला. मोजे घातले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "वजन जाणवतं बघा. झोपलेला वाघ आहे." आणि भाव वाढवला. वाळूचा. बडा घर पोकळ वासा म्हणतात, आमच्याकडे तर वासाही नाही. चार वर्षं मी ह्या आनंदावर जगले आहे. दुधातून गोळ्या घेते ते नुसतं नावाला.

गेल्या महिन्यात थोरल्याने ते टाइप केलेलं मृत्युपत्र आणलं आणि सहीसाठी माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला. गाडी त्याला, आणि गाडीला छप्पर लागतं म्हणून शेडही त्याला. धाकट्या सुनेने 'व्यवसायाची सोय अन्यत्र पाहावी.' मी डोळे मिटले की हा तिचं मशीन रस्त्यावर ठेवणार, हे मला त्या कागदातून स्वच्छ दिसलं. म्हणून हे मृत्युपत्र.

तर, गाडी थोरल्याला, सीलसकट, वाळूसकट. ही गोष्ट लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढे कोणा गिऱ्हाइकाला फसवल्याचं पाप लागू नये.

कलम पाच. शेड

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हे म्हणे मी मेल्यावर वाचलं जाणार. मग थोरल्याचं तोंड मला कसं दिसणार? एवढं सगळं करून मजा दुसऱ्यांनी बघायची? मी हाक मारली. थोरल्याला कलम चार वाचून दाखवलं, सबंध.

तो ताडकन उठला. शेडमध्ये गेला. मी काठी घेऊन मागे, सून माझ्या मागे. त्याने नखाने सील फाडलं आणि बॉनेट उचललं. पोती होती तशीच होती, एकावर उंदराने बारीक बीळ केलं होतं.

"चार वर्षं, आई?"

"चार वर्षं."

"आणि तो म्हणाला, वाघ."

"म्हणाला."

तो प्लॅस्टिकवर बसला. प्लॅस्टिकखाली माझ्या कातड्याला बुरशी आली आहे, ती त्याला आज दिसली. त्याने स्टिअरिंग धरलं. मग म्हणाला, "आवाज कसा होता गं तिचा? मला आठवतच नाही."

साठीचा माणूस. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. मी म्हटलं, "गुरांच्या डॉक्टरकडे जा. मंगळवारी तो डोंगरात जातो. बसवेल तुला पुढे."

मग तो उतरला. पोती त्यानेच बाहेर काढली. टायर बसले होते, ते साक्षीसाठी आलेल्या दहाबाराने हवा भरून उठवले. सून एका बाजूला, दहाबारा दुसऱ्या बाजूला, आणि मागून खांदा थोरल्याचा. हललेली गाडी मी एकोणीस वर्षांनी पाहिली. आता वकीलबाईंनी ती खुशाल जंगममध्ये लिहावी.

पेन परत घेतलं. शेड, तिची फरशी, तिचं कुलूप आणि दोन्ही किल्ल्या धाकट्या सुनेला, कायमच्या. थोरल्याचा किंवा त्याच्या मुलांचा तिच्यावर हक्क नाही. तो समोर उभा राहून ऐकतो आहे, हो म्हणाला आहे. उद्या उलटला तर हा कागद आहे.

कलम सहा. दहाबाराला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. ह्यांचा जॅक मी त्याला काल हातात दिला.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं, खाडाखोड कुठे नाही. समोर दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

सही: (माझी, जोडाक्षर थोडं हललं आहे, माणूस पक्का आहे)

साक्षीदार पहिला: दहाबारा, मेकॅनिक, निवृत्त म्हणवतो
साक्षीदार दुसरी: शेजारची औषधांच्या दुकानातली बाई, घाईत आहे, दुकान उघडं टाकून आली आहे

तारीख: चौदा, महिना दुसरा, दुपारी साडेतीन
स्थळ: शेडमध्ये, सुनेच्या कापायच्या टेबलावर. लवकर उरकते, तिला ट्रकची सीट पसरायची आहे.