माझ्या वाट्याचा अर्धा शेगडा

॥ श्री ॥

लिहून ठेवणार मी, गोमाजी भागोजी उतेकर, वय साठीच्या पुढे, धंदा पूर्वी मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात फिटर, हल्ली घरीच लोखंडाची उठाठेव, राहणार पोलादपूर, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बायकोचे मत निराळे आहे, पण कायद्याने तिला विचारण्याची गरज नाही, असे हे पत्र लिहिणारे विष्णु बाळाजी धारप यांनी मला सांगितले. हल्ली छातीत धाप लागते, बाजाराच्या चढावर मध्येच बसावे लागते. तेव्हा जीभ चालते आहे तोवर राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली नव्हे, हे मृत्युपत्र मी सांगून लिहवीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवडच नव्हती.

कलम १. राहते घर, परसू व भांडीकुंडी माझी बायको ठमाबाई हिची. तिच्या हयातीत तिला कोणी ऊठ म्हणू नये. सबंध संसार तिने घासलेटाच्या वासात केला. तिच्या भाताच्या पातेल्यात मी एकदा गंजलेले आटे, म्हणजे स्क्रू, उकळले, त्याचा उद्धार अजून दर सणाला होतो. ते पातेले मी पुष्कळ घासले, पण भात लालच होई. तरी तिला तिच्या पसंतीचे नवे पातेले माझ्या पैशातून घेऊन द्यावे.

कलम २. नदीकाठचे भातशेत मुलगा रामा यास. तो मुंबईस माझ्याच कारखान्यात फिटर आहे. शेत विकून चाळीत खोली घेण्याचा त्याचा विचार मला माहीत आहे. मी मेल्यावर वर्षभर तरी थांब, रे बाबा, लोक बघतात.

कलम ३. कानशी, करवती, हातोडे, झाडून सगळी हत्यारे रामासच. सोबत ताकीद : गंजून बसलेल्या आट्यांवर घण घालू नये. घासलेटात बुडवावे, वाट बघावी, कोळशावर जरा कोमट करावे, पुन्हा वाट बघावी. लोखंड ऐकते. घाई करणाऱ्याचे मात्र ऐकत नाही. आटे सुटल्यावर उंडीचे तेल द्यावे.

कलम ४. आता शेगडे. धारपांनी विचारले, हे काय असते? लोखंड दोन जबड्यांत आवळून धरायचे हत्यार, कारखान्यात त्याला वाइस म्हणतात. घरात असे पाच आहेत. सगळे मेलेले मिळाले आणि सगळे मी उठवले.

दासगाव बंदरात एक तांडेल शेगड्याला दोर बांधून त्यावर मचवा उभा करीत असे. मी म्हटले, "तांडेल, हा नांगर नाय." तो म्हणाला, "मचवा हलतोय काय?" मचवा हलत नव्हता. शेवटी खरा नांगर घेऊन दिला तेव्हा त्याने शेगडा सोडला. खाऱ्या पाण्याने आटे असे धरले होते की सबंध श्रावण तो घासलेटात होता, आणि एका सकाळी दांडा बोटभर फिरला. मी ओरडलो तशी ठमाबाई चुलीपुढून धावत आली आणि म्हणाली, "मला वाटलं मुंबैवरनं रामा आला." हा शेगडा रामास.

दुसरा पाचाडच्या खानावळीत नारळ फोडायला होता. जबड्याचे दात खोबऱ्याने बुजून गेलेले. कानशीने मी नवे दात पाडले. तो गावच्या शाळेस द्यावा. उरलेले तीन, जो मागायला येईल त्याला ठमाबाईने पारखून द्यावेत. जो आधी दांडा फिरवून बघेल त्याचा शेगडा. जो आधी वजन विचारील त्याला चहा पाजून वाटेला लावावा.

कलम ५. सहावा शेगडा अर्धाच आहे. त्याच्यासाठीच धारपांना बोलावले, बाकीचे तोंडी सांगूनही भागले असते.

हा आमच्या वडिलांचा. आंबेनळीचा रस्ता झाला तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी तो मोडका म्हणून दरीत लोटला. वडील शेतकरी माणूस, पण दोर घेऊन उतरले, तो वर काढला, नीट केला आणि पडवीत लाकडी ओंड्यावर बसवला. गावचे फाळ, कुलपे, छत्र्यांच्या काड्या, सगळे त्यात धरले जाई. मी आणि धाकटा भाऊ महिपती त्याच्या दांड्याला लोंबकळून वाढलो.

वडील गेले, वाटणी आली. रावजी शेलार पंच होता. शेत झाले, बैल मला झाले, म्हैस त्याला झाली. शेगडा राहिला. रावजी म्हणाला, "एकानं ह्यो घ्या, दुसऱ्यानं बदली काय ते सांगा." मी म्हटले, शेगडा. महिपती म्हणाला, शेगडा. उन्हे कलली, पंच भुकेले. रावजी उठला, दांडा उलटा फिरवीत राहिला, सरकता जबडा आट्यांसकट बाहेर ओढला आणि आमच्या पुढ्यात दोन्ही भाग टाकून म्हणाला, "ह्यो तुझा, ह्यो त्याचा. सांजपत्तर दोघं शुद्धीवर येतायसा का नाय बघू." रावजी वारला, तरी ती सांज झालेली नाही.

ओंड्यावरचा अर्धा माझा, आटे ज्यात फिरतात ती ढिबरी त्यातच. सरकता अर्धा, आटे आणि दांडा त्याचा. माझा अर्धा तोंड वासून बसला आहे. त्याचा अर्धा लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आहे. मिठाने लोखंडाचे काय होते हे महिपतीला कळत नाही असे नाही. मला दिसावे म्हणून तो बरणी पडवीत ठेवतो. आमच्या दोन पडव्यांत एकच बुटकी भिंत. बायका तिच्यावरून कालवण देतात घेतात, आम्हा भावांना काही सांगायचे झाले तर म्हशीला सांगतो.

मुंबईच्या भंगारगल्ल्या, बंदरे, गावोगावचे उकिरडे मी पालथे घातले, ते माझ्या अर्ध्याला जोडीदार मिळावा म्हणून. वरचे पाचही त्या शोधात सापडले. एकाचेही आटे माझ्या ढिबरीत बसले नाहीत. कारखान्यात नवे कापून पाहिले, तेही खडखडतात. ती ढिबरी वडिलांच्या आट्यांबरोबर झिजली आहे, तिला तेच लागतात. महिपतीकडे मागायचे राहिले. मागणार कोण?

माझ्यामागे रामा हा अर्धा मुंबईस नेईल आणि मग दोघांची गाठ पडायची नाही. म्हणून माझा अर्धा महिपतीस. अट काही नाही. माझे चुकले होते असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. वडिलांचा शेगडा आख्खा व्हावा, एवढेच. तो मला बघायला मिळाला असता तर बरे झाले असते.

आणखी मजकूर, त्याच दिवशी. येथवर लिहून झाल्यावर धारपांनी सगळे वाचून दाखवले. त्यांचा आवाज कोर्टातला. साक्षीला दुकानदार कोंडाजी सकपाळ हजर. दुसरा, मोरू शेलार, तुडीलला लग्नाला गेलेला, त्याचा पत्ता नाही. ठमाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता दुसरा साक्षी कुठनं आणायचा गो बाई!" इतक्या मोठ्याने तिने मला कधी जेवायला बोलावलेले नाही.

महिपती दारात. धारपांना म्हणाला, "मी हाय. माझी साक्ष घाला."

धारप म्हणाले, "तुम्हाला यात मिळायचे आहे. घेणाराच साक्षीदार झाला तर उद्या तंटा होतो. अर्धा शेगडा की साक्ष, एक काय ते ठरवा."

"मंग शेगडा खोडा."

मी मनात म्हटले, मेल्यावरही हा माझ्या हातचे घ्यायला तयार नाही! महिपती आला तसा निघून गेला. पलीकडे बरणी सरकल्याचा आवाज झाला आणि त्याच्या बायकोचा, साळूबाईचा, ओरडा आला, "अवो, कैऱ्या वर येतील!" तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर वडिलांचा सरकता जबडा होता.

"दादा," तो म्हणाला, "मेल्यावर कुणी दिलं आन कुणी घेतलं? जिता हायस तवर जोड."

मला रडू आले. धारप म्हणाले, हे मृत्युपत्रात घालण्याचे कारण नाही. मी म्हटले, घाला.

आटे मिठाने खाल्ले होते. मी म्हटले, "काय रे ही दशा केलीस?" तो म्हणाला, "तू मागायचास." मी म्हटले, "तू द्यायचास." भांडत भांडतच आम्ही ते घासलेटाने घासले, दोघांचे हात काळेकुट्ट झाले. मला धाप लागली म्हणून दांडा महिपतीने फिरवला आणि मी जबडा धरला. आधी अडखळले, मग आटे ढिबरीत शिरले आणि जबड्याला जबडा मिळाला. खडखड नाही. कोंडाजी दुकान उघडे टाकून बघत बसला होता.

सबब कलम ५ मधील देणे रद्द. वडिलांचा शेगडा आख्खा आहे आणि तो कोणाच्याही वाट्याचा नाही. ओंडा दोन घरांच्या सामाईक पायरीवर ठेवावा, ज्याला काम असेल त्याने दांडा फिरवावा. आमच्यामागे जो कोणी त्याची वाटणी मागेल त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळू नये, मग तो रामा का असेना.

येणेप्रमाणे मी सांगितले, वाचून ऐकले, बरोबर आहे.

मुक्काम पोलादपूर, मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८५८, रविवार, ता. २० डिसेंबर सन १९३६.

सही : गोमाजी भागोजी उतेकर, दस्तुर खुद्द

साक्षीदार :
१. कोंडाजी धोंडजी सकपाळ, दुकानदार, सही
२. महिपती भागोजी उतेकर, लिहून ठेवणाराचा सख्खा भाऊ, निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची

लेखक : विष्णु बाळाजी धारप. शेरा : साक्षीदार नंबर २ यांच्या अंगठ्यास शाई लावावी लागली नाही.