माघ लागेपर्यंत

वेस्ट विंडसर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. परीक्षित यास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. थंडी पडली की बाबांचा गुडघा कुरकुरतो, तेवढंच. फ्रिस्कोची नवी नोकरी तुला मानवली असेल. फराळाचा डबा या आठवड्यात पोस्टात टाकते. चकल्या मोडतील, पण चव तीच. तुझ्या ओलेनासाठी बिनतिखटाची शेव वेगळी बांधलीय.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू इंग्रजीत सुरू होतोस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. रविवारच्या मराठी शाळेत तुला रडवून अक्षरं शिकवली, ती आज उपयोगी पडू देत. बाबा याचा फोटो काढून आजच तुला पाठवतील.

परवा ओलेनाने व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला दाखवलं. पोलंडमधलं ते हॉस्टेल, एका खोलीत चार बायका. मला बघून हालिनाबाईंनी हात जोडले. गोवराची लस घेतली, पासपोर्ट नवा केला, सगळं तयार आहे म्हणाल्या. त्यांच्या मावसबहिणीने जर्मनीत, लाइपझिगला, एक खोली बघितलीय. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामही मिळतंय. त्यांनी नको म्हणून कळवलं. का, तर "अमेरिकेचा अर्ज आत आहे, आता मध्येच कुठे जाऊ?"

परीक्षित, अर्ज आत नाही. तो कधी गेलाच नाही.

गेल्या वर्षी तुझी नोकरी गेली होती. म्हणून तू म्हणालास, युक्रेनमधून येणाऱ्या माणसाची जबाबदारी घेणारं इथलं कुणीतरी लागतं, तुम्ही घ्या. बाबांनी डिसेंबरात बसून ऑनलाइन फॉर्म भरला. मिळकत, शिल्लक, सगळे आकडे मीच वहीतून सांगितले. फक्त पाठवायचं बटण राहिलं. मी म्हटलं, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन होऊ दे. ते झालं आणि पौष लागला. म्हटलं, चांगलं काम पौषात नको, माघ लागला की दाबा.

बाबा म्हणाले, "अगं, अमेरिकन सरकारला पौष कळतो का?"

"सरकारला नसेल, मला कळतो."

"खारकिव्हमध्ये त्या बाईच्या डोक्यावर ड्रोन फिरतायत."

"एका महिन्याने काय बिघडतंय?"

बिघडलं. पौष सरायला दोन-चार दिवस होते आणि सरकारने नवे अर्ज घेणंच थांबवलं. त्याच संध्याकाळी तुझा फोन. "आई, आपला आधीच गेलाय ना?" मी म्हटलं, "गेलाय की." बाबा समोरच सोफ्यावर होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्या त्या शब्दावर हालिनाबाई घराला कुलूप लावून पोलंडला निघाल्या.

बाबांना बोल लावू नकोस. त्या दिवसापासून ते माझ्या हातचं तीर्थ घेत नाहीत.

पौषावर ढकलून मी सुटत नाही. मार्गशीर्षाचे चांगले दोन आठवडे हातात होते. तेव्हा काय आड आलं? हालिनाबाई आल्या की तुझ्या नि ओलेनाच्या लग्नाची बोलणी होणार, हे मला दिसत होतं. थोडे दिवस गेले तर तुझं मन फिरेल, असं वाटलं. देवाला तसं सांगितलंही. कुणाच्या लेकीबद्दल असं मागणं मागायला मी रोज स्नान करून बसत होते रे.

लाइपझिगची खोली मावसबहिणीने तरीही महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलीय म्हणे. ओलेनाला आजच सांग. सरकारने उशीर केला असं मोघम सांगू नकोस, माझं नाव घे. ती बोलेल ते मी ऐकेन. आधी हालिनाबाईंना कळव, आमची वाट बघू नका, निघा.

त्यांना नऊ महिने अडवून ठेवणारी,
तुझी आई