माझ्या आवाजातलं पुस्तक

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडणार आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'विविधता आणि समावेशन' असा नवा उपक्रम सुरू होतोय आणि त्याचा समन्वयक मी! मुख्य ग्रंथपाल मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण तयार आहे? सगळे माना खाली घालून मोबाइल बघत बसले. मीही बघत होतो, पण नेमका माझा वाजला. मॅडमना वाटलं मी काहीतरी बोलणार आहे. योग असतात एकेक.

काम मोठं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रंथालय आपलं वाटलं पाहिजे. त्यासाठी साधनं तयार करायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचं, पोस्टर लावायचे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, वा, म्हणजे आता आम्हालाही सामावून घेणार का? तिला विषयाचं गांभीर्य कळायला वेळ लागेल.

५ सप्टेंबर

कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा. ट्रेनर बाई बाहेरून आल्या होत्या. त्यांनी बरंच सांगितलं. मला बहुतेक सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळे मी तेवढ्या वेळात बॅनरचा रंग ठरवून टाकला. देवघेव काउंटरवरचा सहकारी (याला आम्ही बातमीदार म्हणतो, कारण पुस्तकांपेक्षा बातम्यांची देवघेव जास्त करतो) पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत होता. पुढेपुढे करायची हौस.

९ सप्टेंबर

पहिली गरजू व्यक्ती सापडली! समाजशास्त्राच्या एम.ए.ची विद्यार्थिनी. दृष्टिहीन. बिचारी... (हा शब्द वापरायचा नाही असं कार्यशाळेत सांगितलंय. खोडलाय असं समजावं.) तिला विषमतेवरचं जाडजूड क्रमिक पुस्तक हवंय. ते फक्त छापील आहे. तिने विचारलं, छापलेलं पान वाचून दाखवणारं मशीन येणार होतं, ते आलं का?

आलंय. माझ्या टेबलाखाली खोक्यात आहे. पण कंपनीच्या माणसाने डेमो दिला तेव्हा मी त्याचा आवाज ऐकलाय. सपाट. स्वल्पविरामाला थांबत नाही, उद्गारचिन्हाची कदर नाही. म्हटलं, मशीन कशाला? मी आहे ना. मी स्वतः वाचून रेकॉर्ड करून देतो, अख्खं पुस्तक. ती 'बरं सर' म्हणाली आणि निघाली. भारावली असावी.

११ सप्टेंबर

संकल्प: थंड पाणी बंद. तळकट बंद. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. पहिला मुख्याध्यापकांच्या मुलीचा, म्हणजे तो धरायचाच नाही.

१६ सप्टेंबर

तळघरात जुन्या मासिकांच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू. धूळ फार. पहिल्या प्रकरणात सात-आठ शिंका आल्या, त्या तशाच ठेवल्या. जिवंतपणा येतो. कठीण वाक्यांनंतर थांबून स्वतःचं विवेचन देतोय. लेखकाला सोपं करून सांगता येत नाही हे पानोपानी जाणवतं.

गुळण्या बंद. ठसका लागतो.

३० सप्टेंबर

तळटीपा गाळायला सुरुवात केली. तक्तेसुद्धा. आकडे ऐकून कोणाचं भलं झालंय? त्या जागी मी म्हणतो, इथे एक तक्ता आहे, त्यावरून परिस्थिती गंभीर असल्याचं दिसतं. काम भराभर पुढे सरकतंय.

कॅन्टीनमध्ये भजी खाल्ली. घशाला तेल लागतंच थोडं.

७ ऑक्टोबर

आज एक अवघड निर्णय घेतला. पाचव्या प्रकरणाचं नाव 'अपंगत्व आणि समाज'. सुरुवातीची दोन पानं मनात वाचली आणि पुस्तक मिटलं. डोळे भरून आले. हे सगळं ती पोर एकटीने, कानात इअरफोन घालून ऐकणार? तिच्या जिवाला काय वाटेल? जे ती रोज भोगते, तेच परत माझ्याच आवाजात?

गाळलं. पण तिला उणीव जाणवू नये म्हणून सहाव्याला पाचवं केलं, सातव्याला सहावं, असं शेवटपर्यंत. अनुक्रमणिकाही नव्याने वाचली. बेमालूम झालंय. कोणाला सांगणार नाही. चांगल्या कामाचा गाजावाजा मला आवडत नाही. एवढा हळवेपणा माझ्यात कुठून आला, देव जाणे.

२२ ऑक्टोबर

पुस्तक पूर्ण! पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. सोबत बॅनरसमोर फोटो. तिने विचारलं, सर, पूर्ण आहे ना? म्हटलं, अगदी. ती म्हणाली, आता माझं टेन्शन गेलं, या पेपरला फर्स्ट क्लास आला की मला पीएच.डी.ला प्रवेश आहे. म्हटलं, आलाच समज. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव कसं लिहावं यावर घरी येईपर्यंत विचार केला. पदासकट बरं दिसेल.

६ नोव्हेंबर

बायको माझं रेकॉर्डिंग ऐकते! दुपारी आडवी पडून, रोज. मला कळलं तेव्हा छाती फुगली. कोणतं प्रकरण आवडलं म्हणून विचारलं. म्हणाली, काय माहीत, दुसऱ्या पानाच्या पुढे कधी जागी राहिलेच नाही, डॉक्टरांच्या गोळीपेक्षा बरं आहे.

घरचाच आहेर. रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला धरला. जेवताना मीठ मागावं लागलं, त्यामुळे मोडला.

५ डिसेंबर

परीक्षा संपली. ती लेखनिक घेऊन लिहिते, म्हणजे ती सांगते आणि दुसरी मुलगी उतरवते. जिन्यावर दिसली. मी हाक मारली, कसा गेला पेपर? थांबली नाही. कानात इअरफोन असावेत.

१३ जानेवारी

निकाल. तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. पीएच.डी.चा प्रवेश गेला. फार वाईट वाटलं. पुढच्या पुस्तकात विवेचन वाढवायचं ठरवलं.

२० जानेवारी

आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो.

आज समावेशन समितीची बैठक होती. मी बॅनर लावला, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, ध्वनिमुद्रित पुस्तकांच्या यशावर दहा मिनिटं बोललो. मग मॅडम म्हणाल्या, विद्यार्थ्यांच्या वतीनेही कोणी बोलावं. ती उभी राहिली. मी टाळ्यांच्या तयारीत.

तिचा आवाज चढला नव्हता, हे मान्य करतो. म्हणाली, पेपरात एक प्रश्न होता, अपंगत्वाकडे समाज कसा पाहतो, वीस गुण. लेखनिक मुलीने तो दोनदा वाचला. मी म्हटलं, सोड, हे आपल्या पुस्तकात नाही. त्या मुलीने तो तिसऱ्यांदा वाचला. तिला वाटलं असणार, ही यावर लिहू शकत नाही तर कशावर लिहिणार? बाहेर आल्यावर मैत्रिणींनी सांगितलं, अगं, पाचवं प्रकरण अख्खं यावरच आहे. मी म्हटलं, पाचवं तर शहरांवर आहे. मग त्यांनी छापील पुस्तक उघडून मला अनुक्रमणिका वाचून दाखवली.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुझ्याचसाठी गाळलं, तुला वाईट वाटू नये म्हणून! ती म्हणाली, सर, वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं, वीस मार्क तरी मिळाले असते. आणि नंबर बदललेत तुम्ही. एखादं पान चुकून सुटलं असतं तर मी काही बोलले नसते. मी तुम्हाला विचारलं होतं, पूर्ण आहे ना.

मग मॅडमनी विचारलं, मशीनचं काय झालं? मी म्हटलं, सुखरूप आहे. बातमीदार लगेच म्हणाला, यांच्या टेबलाखाली आहे, सप्टेंबरपासून, त्यावर हे पाय ठेवतात.

२१ जानेवारी

विश्वासघात! दुसरा शब्द नाही. पाचशे पानं वाचली मी. घसा बसला, धूळ खाल्ली, कॅन्टीनच्या गप्पा सोडल्या (बहुतेक). आणि तिने भर सभेत माझी लाज काढली. आधी माझ्याकडे आली असती तर मी समजावून सांगितलं नसतं का? बातमीदाराने तर पाठीत सुराच खुपसला. मॅडमही त्यातल्याच. या ग्रंथालयात कोणाचं भलं करणं म्हणजे गुन्हा आहे.

सुट्टी टाकली. कारण: घसा.

२६ जानेवारी

शेवटी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, निदान ही तरी माझ्या बाजूची. तिने फक्त विचारलं, कोणतं प्रकरण गाळलंत? मी सांगितलं. बराच वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, माझ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तुमच्याशी वेगळं बोलले होते, तेव्हा बाहेर येऊन तुम्ही मला जे सांगितलंत, ते तरी पूर्ण होतं का?

मी चहा ठेवायला उठलो. दूध नासलं होतं.

४ फेब्रुवारी

समितीचा निर्णय. परीक्षा विभागाच्या संमतीने तिला मार्चमध्ये तो पेपर पुन्हा देता येईल. समन्वयकपद बातमीदाराकडे. खोकं उघडून मशीन बसवायचं आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून स्कॅन करायचं, हे काम माझ्याकडे. पान ठेवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. या कामात तोंड उघडायची गरज पडत नाही. मॅडमनी हे मुद्दाम केलंय.

मन मोठं करून बातमीदारामार्फत निरोप पाठवला की पाचवं प्रकरण मी अजूनही वाचून देईन, पूर्ण भावनेसह. उत्तर आलं, नको.

१० फेब्रुवारी

स्कॅनिंग चालू. तळटीपांसकट, तक्त्यांसकट. एकही पान तिरकं गेलं तर बातमीदार परत पाठवतो. चार पानं परत आली. याला सत्तेची नशा म्हणतात.

११ मार्च

परवा तिचा पेपर. तिसऱ्या मजल्यावर वाचनाच्या छोट्या खोलीत मशीन बसवलंय. वायर सैल झाली की काय ते बघायला मी गेलो. (वायर ठीक होती, हे मला माहीत होतं.) दार उघडं होतं. ती पाठमोरी बसली होती, स्पीकर चालू. पण मशीन जे काही बोलत होतं त्यातला एक शब्दही मला कळेना. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. मला वाटलं बिघडलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

म्हटलं, अगं, हे बिघडलंय. तिने बटण दाबून थांबवलं. म्हणाली, नाही सर, मी याच वेगाने ऐकते, आम्ही बहुतेक सगळे असंच ऐकतो. मी विचारलं, माझं पुस्तकसुद्धा? म्हणाली, तुमचं याहून फास्ट.

माझे सगळे विराम! त्या जागा, जिथे मी श्वास रोखून थांबलो होतो!

जायला निघालो. तेवढ्यात तिने विचारलं, सर, पाचवंच चालू आहे. ऐकायचंय का तुम्हाला? वेग कमी करू का तुमच्यासाठी? कितपत हवाय?

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, कर थोडा. तिने केला. तरी कळेना. अजून थोडा, म्हटलं. तिने आणखी केला. मी खुर्ची ओढून बसलो.

सपाट आवाज. पान क्रमांक वाचतो, तळटीप वाचतो, तक्त्यातला एकेक आकडा वाचतो. दोन पानांच्या पुढचं हे प्रकरण मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. रडवणारं त्यात काही निघालं नाही. जिने, दारं, नोकऱ्या, कायदे. एके ठिकाणी मशीनने उच्चार चुकवला, म्हणून मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. ती म्हणाली, सर, ऐका ना.

ऐकलं. पुढे एक पान मदत करणाऱ्यांबद्दल आहे. समोरच्याला न विचारता मदत करणाऱ्यांबद्दल. तिथे आल्यावर तिने वेग आणखी थोडा कमी केला.