घंटा वाजते तोवर

९ मार्च, सोमवार
ताईचा परत फोन. आठवड्यात तिसरा! एरवी महिना महिना आठवण नाही. तब्येत विचारली, जेवण विचारलं, मग हळूच — "तुमच्या सभागृहात ते मुलींच्या वाट्याचं चाललंय ना, त्याचं काय झालं रे?"
म्हटलं, मी दारावरचा शिपाई, मला काय कळतंय.
"अरे, पण कानावर पडत असेल ना!"
पडतं. सगळं पडतं. थेट घटनेत कलम घालणार आहेत. लग्न झालेलं असो नसो, आईबापाच्या घराजमिनीत मुलीचाही वाटा. आणि ताईला नेमकं आत्ताच फोन करायचं सुचतंय. दाजी पढवत असणार. त्यांना पेपर वाचायची भारी हौस.

१० मार्च
गावाकडे आमच्या दोन खोल्या. पुढची रस्त्यावर उघडते. तिथे मी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकणार. सातवीत शाळा सुटली, हाताला तेवढंच कसब. इथे पाच वर्षं उभा आहे — भिंतीला टेकायचं नाही, जांभई द्यायची नाही. पाय लाकडाचे झाले. ती खोली गेली तर परत जायचं कुठे?
बाबांना विचारावं का, ताई काही बोलली का म्हणून? नको. बाबा तिच्याच बाजूचे.

११ मार्च
आमचे हेडशिपाई — सगळे काका म्हणतात — आज छत्रीवाल्या पक्षाच्या प्रतोदाशी जिन्याखाली कुजबुजत होते. प्रतोद म्हणजे आपले सभासद मतासाठी हाकून आणणारा. मला बघून दोघं गप्प. काका म्हणाले, "काय रे, दार सोडून फिरतोस? पाय मोकळे करतोस की कान?" आणि हसले.
छत्रीवाले कलमाच्या विरोधात. कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च
दिवसभर चर्चा. शिडीवाल्यांचा जाड्या सभासद उठला. "लग्नात सगळं देऊनच पाठवतो की मुलीला!"
मागून कुणी बाई, "भांडी देता हो! जमीन देता का?"
हशा. मलाही हसू आलं, ओठ दाबले. मग जाड्या म्हणाला, हा कायदा भावाबहिणीत भांडणं लावेल. पहिल्यांदा त्याचं पटलं.
तेवढ्यात काठीवाल्या आजी उठल्या. त्या कुठल्याच पक्षाच्या नाहीत, एकट्या निवडून येतात. "भांडण आहेच," म्हणाल्या, "फक्त आजवर एकच बाजू बोलत आली."
मला राग आला. का, ते कळेना.

१३ मार्च
या आजी येता-जाता मला विचारतात, "बाळा, जेवलास का?" दीडशे शिपाई आहेत इथे. मलाच का? मी काही त्यांचा मतदार नाही. एवढी माया फुकट नसते.

१६ मार्च, सोमवार
उद्या मतदान. घटना बदलायची तर एकशे एकवीस मतं लागतात. प्रतोद बोटांवर मतं मोजत फिरतोय — कलमवाल्यांकडे बरोब्बर एकशे एकवीस आहेत म्हणे. एक कमी पडलं की संपलं!
काकांनी सगळ्यांना उभं करून परत पढवलं. "घंटा तीन मिनिटं वाजणार. थांबली की कडी. मग माझा बाप आला तरी उघडायचं नाही. आणि वाजते तोवर दुश्मनालाही आत घ्यायचं. कळलं?"
मला पश्चिमेचं दार. तिथे गर्दी नसते. काकांनी मलाच का दिलं?

१७ मार्च
जसं झालं तसं लिहितो.
घंटा सुरू झाली. सगळे धावत आले. उपाहारगृहातून एक जण तोंड पुसत, एक जण चष्मा शोधत. मग बोळ रिकामा. मी कडीवर हात ठेवून उभा. एवढ्यात काठीचा आवाज. आजी! एका हाताने भिंत धरून येत होत्या. दहा पावलं. सात. घंटा वाजत होती. चार.
मी दार लावलं. कडी घातली.
घंटा अजून वाजत होती! किती — पाच सेकंद? सात? दाराच्या काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. ओरडल्या नाहीत. काठीसुद्धा आपटली नाही. घंटा थांबली तरी माझ्याकडेच बघत राहिल्या.
एकशे वीस. कलम पडलं.
छत्रीवाल्यांनी बाकं बडवली. आमची खोली वाचली.
नंतर काका धावत आले. घाम फुटला होता त्यांना. "घंटा थांबली होती ना रे? खरं सांग." प्रतोदाशी कुजबुजणारा हा माणूस खूष का नाही?
मी म्हटलं, "हो काका."
काकांनी आजींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे. मीच हळू चालते."

१८ मार्च
खोटं का बोलल्या? मला वाचवलं? की राखून ठेवलंय, पुढे वापरायला? दिवसभर त्या दाराने आल्या नाहीत.

१९ मार्च
ताईचा फोन नाही. कळलं असेल. बसली असेल हात चोळत.

२० मार्च
बाबांचा फोन. मीच विषय काढला, म्हटलं, ताईचा डाव फसला. बाबा म्हणाले, "तिने आपल्या घरावरचा हक्क तू नोकरीला गेलास तेव्हाच सोडलाय. कागदावर सही करून. तुला सांगू नका म्हणाली. विचारत होती ती तिच्या पोरींसाठी. दाजी अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी हात टेकले. दीर आत्तापासून म्हणतात, मुलगा नाही तर घर आमचं."
थोरली म्हणे रोज आईला धीर देते — मामा तिथेच असतो, मामा करेल काहीतरी.