लवंगेच्या वासाचं पान

४ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,

चिमटीचा नमस्कार.

पत्र हातानं लिहितेय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि हे कार्यालयाच्या संगणकावरून लिहिण्यासारखं नाही. मामींचा गुडघा कसा आहे? आईनं त्यांच्यासाठी पट्टा पाठवलाय, तो डाव्या पायाचा आहे. मागच्या वेळी त्यांनी आठवडाभर उजव्या पायात घातला आणि वर पट्ट्यालाच नावं ठेवली, तेव्हा या वेळी तुम्ही बघून द्या. आई ठीक. मीही ठीक. कार्यशाळेला नवी खिडकी बसवली आहे, त्यामुळे माझ्या टेबलावर दिवसभर सारखा उजेड असतो. जुन्या कागदावर काम करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

तुमच्या प्रदर्शनासाठीची वर्णनपत्रं सोबत पाठवतेय. एक्केचाळीसपैकी चाळीस झाली. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, डाग आणि दुरुस्त्या जशा आहेत तशा लिहिल्या आहेत. तुम्हाला 'किरकोळ' हा शब्द आवडतो, तो मी कुठेच वापरलेला नाही. सुरुवातीच्या फलकावर तुम्ही सांगितलेलीच ओळख घातली आहे: एका परदेशी मुत्सद्द्यानं, त्याच्या देशाचं सर्वोच्च पद भूषवून झाल्यावर, शुभवर्तमानाच्या प्रती पुढ्यात घेतल्या, धारदार पात्यानं येशूची शिकवण आणि जगणं तेवढं कापून काढलं, आणि स्वतःच्या क्रमानं कोऱ्या वहीत चिकटवलं. चमत्कार मागं राहिले. पाण्यावर चालणं नाही, मेलेल्यानं उठणं नाही. कबरीच्या तोंडाशी धोंडा लोटला, माणसं निघून गेली, वही संपली. त्या वहीच्या छापील आवृत्त्या तुम्ही तीस वर्षं जमवताय, हेही लिहिलंय.

एक्केचाळिसावं वर्णनपत्र, म्हणजे तुमच्या सगळ्यात जुन्या प्रतीचं, मी लिहिलेलं नाही. का, ते सांगायलाच हे पत्र आहे.

गेल्या सोमवारी ग्रंथालयाची त्याच आवृत्तीची प्रत माझ्याकडे तपासणीला आली. तिचं शेवटचं पान नाही. यंदाच्या मोजणीत पुस्तकांसोबत पहिल्यांदाच पानंही मोजली, तेव्हा हे लक्षात आलं. त्या प्रतीला शेवटचा हात तुमचा लागला होता, तीन वर्षांपूर्वी, माझ्या ओळखपत्रावर पाहुणे म्हणून तुम्ही आला होता तेव्हा. तुम्हाला वाटेल, मग सरळ तुम्हालाच का नाही विचारलं. कारण नोंदवहीत तुमच्या नावापुढं 'पाने मोजली, बरोबर' असं लिहून वाचनदालन सांभाळणाऱ्या ताईंनी सही केलेली आहे. आमच्याकडे पुस्तक परत घेताना एकेक पान मोजतात. म्हणजे कागदोपत्री तुम्ही गेलात तेव्हा पान जागेवर होतं, आणि त्यानंतर कपाटाची किल्ली ताईंकडे होती.

ताईंनी मोजलं नव्हतं. चौकशीत त्यांनी ते सांगितलं. "संवर्धनवाल्या बाईंचे मामा म्हणजे घरचेच, त्यांच्यासमोर काय पानं मोजायची," असं त्या म्हणाल्या. समितीतल्या एकानं विचारलं, हे तुम्हाला आत्ताच बरं आठवलं. सत्तावीस वर्षं ताई त्याच दालनात होत्या. सध्या त्यांना तळघरात रद्दीचे गठ्ठे बांधायला बसवलंय. बारा तारखेला निर्णय आहे, आणि तो काय असणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे.

आता माझ्या टेबलावरचं. पान पात्यानं कापलेलं नाही. मुळाशी, शिलाईच्या बाजूला, पुस्तकात राहिलेली त्याची कड मऊ आणि केसाळ सुटलीय, आणि शेजारच्या पानावर दोन मिलिमीटर रुंदीची एक सरळ ओल वाळल्याची रेघ आहे. असं एकाच प्रकारे होतं. ओला दोरा पानाच्या मुळाशी ठेवायचा, पुस्तक मिटायचं, थोडा वेळ शांत बसायचं. कागद त्या रेषेवर भिजतो आणि मग नुसत्या बोटानं, आवाज न होता, निघून येतो. चोरांची ही जुनी युक्ती प्रशिक्षणात आम्हाला दाखवली होती. त्यानंतरच्या रविवारी मी ती तुमच्या जेवणाच्या टेबलावर जुन्या दिनदर्शिकेवर करून दाखवली. मामी म्हणाल्या, एवढं शिकून हेच शिकलीस का. तुम्ही हसला नाहीत. मला परत करून दाखवायला सांगितलंत.

रेघेत मला एक तंतू सापडला. हिरवं रेशीम. पुस्तकाच्या पाठीच्या टोकांना जी पट्टी विणतात, तिच्यासाठी ते मीच रंगवते. उरलेलं बंडल तुमच्या संग्रहाच्या नोंदवहीच्या शिलाईसाठी मी तुम्हाला दिलं होतं.

ओल पाण्याची नाही. चाचणी केली. लाळ आहे. वाचनदालनात पाणी नेऊ देत नाहीत, म्हणून तुम्ही दोरा गालात धरून बसला होता. त्या दिवशी ताईंनी तुम्हाला विचारलं होतं, काका, तोंडात काय आहे. तुम्ही गालावर बोट ठेवून म्हणालात, दाढ दुखतेय, लवंग ठेवलीय. खरंच एक लवंगही ठेवली होती, म्हणजे खोटं बोलल्यासारखं व्हायला नको. त्या बिचारीनं "राहू द्या, राहू द्या" म्हणत तुम्हाला उजेडाजवळची खुर्ची दिली. मी पलीकडच्या टेबलावर होते.

मामा, मी बुरशी लागलेली पुस्तकं हाताळते. उंदरांनी घर केलेली हाताळते. त्या सोमवारी पहिल्यांदा मी मध्येच उठून हात धुऊन आले, आणि हातमोजे घातलेलेच होते.

गुरुवारी अकरा वाजता पान घेऊन ग्रंथपालांच्या खोलीत या. स्वतः आणून दिलंत तर बोलायला जागा राहील. मी दारात थांबेन.

तुमची,
चिमटी


११ मार्च

मामांस,

गुरुवारी मी पावणेबारापर्यंत दारात थांबले. मग फोन केला. मामी म्हणाल्या, "ते घरी नाहीत असं सांगायला सांगितलंय." त्यांचा राग नाही. त्यांना खोटं नीट बोलता येत नाही, इतकंच. त्या घरात ते एकट्या तुम्हालाच येतं.

शनिवारी तुमचं पत्र मिळालं. चार पानं. मी तीनदा वाचलं, एकदा भाची म्हणून आणि दोनदा कामाच्या सवयीनं. तुम्ही लिहिता, त्या मुत्सद्द्यानंही कापलंच की, त्याला कोणी चोर म्हणालं का. त्यानं स्वतः घेतलेल्या प्रती कापल्या, मामा. आणि जे काढलं ते का काढलं, हे त्याला लपवावं लागलं नाही. तुम्ही लिहिता, ग्रंथालयात ते पान शंभर वर्षांत चार माणसांनी पाहिलं असेल, तुमच्या संग्रहात त्याला मान मिळतोय. काचेखाली ठेवून त्याच्यासमोर पाहुण्यांना तुम्ही खऱ्याखोट्यावर बोलणार होता. कार्यक्रमपत्रिकेत विषयही छापलाय.

ताईंबद्दल चार पानांत एक ओळ आहे: 'त्या बाईला कामात ढिलाई नडली.' हे वाचल्यावर मी पत्र चिमट्यानं उचलून पाकिटात ठेवलं. ही थट्टा नाही.

मग ती ओळ, जिच्यासाठी तुम्ही बाकीची चार पानं लिहिली: 'युक्ती तुझी, दोरा तुझा, ओळखपत्र तुझं, आणि पान धुतलंस तूच. यात माझं असं काय राहिलं?'

थुंकी तुमची.

बाकीचं बरोबर आहे. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं. सगळं मोजून लिहिलं आणि एवढंच गाळलं. गाळायची कला मी तुमच्याकडूनच शिकले असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. ते माझं मलाच जमलं. म्हणून आता क्रमानं लिहिते.

दालनातल्या त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही पान घेऊन माझ्या घरी आलात. म्हणालात, एका जुन्या पुस्तकवाल्यानं टपालानं पाठवलंय, माझ्या प्रतीत एवढंच कमी होतं. तुम्ही चपलाही न काढता आत आलात. मला वाटलं, आनंदानं. तीस वर्षं माणूस एका पानासाठी थांबतो, हे मला तेव्हा सुंदर वाटायचं. पान धुवायला मी तबकात पाणी घेतलं, त्यात ते सोडलं. पाणी तांबूस झालं, ते नेहमीचंच. मग लवंगेचा वास आला.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, जुन्या कागदाला कसलेही वास असतात.

मी म्हणाले, हो. आणि पाणी बदललं. चार वेळा बदललं, वास जाईपर्यंत. पान वाळवलं, दाबलं, तुमच्या प्रतीत बसवलं. तुमच्या संग्रहाच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिलं: 'शेवटचे पान दुसऱ्या प्रतीतून पुरवलेले.' आमच्या कामात हे वाक्य रोजचं आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. दुसरी प्रत कुणाची, हे त्यात विचारलेलं नसतं, मीही विचारलं नाही. तुम्ही मला लहानपणी पाठीवर घेऊन तिकिटांच्या वह्या दाखवायचात. आईचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन मी तिकिटं उचलायची म्हणून तुम्ही मला चिमटी म्हणायला लागलात. त्या चिमटीनं विचारलं नाही. तीन वर्षं.

किळस तुमची येते, असं मागच्या पत्रावरून वाटलं असेल. तुमची येतेच. पण ते चार वेळा पाणी बदलणं आठवलं की हात धुऊन भागत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पानाची मुळाकडची कड तुम्ही पट्टीवर पातं धरून कापून टाकली, आता ते पान कुठल्याही पुस्तकाशी जुळणार नाही. तुम्हाला ते मला कळवावंसं का वाटलं, हे मी बराच वेळ समजून घ्यायचा प्रयत्न केला. तुम्हाला वाटलं असेल, मला सुटल्यासारखं होईल. तीस वर्षं ज्या पानाची वाट पाहिली, त्याची तीन मिलिमीटर कड तुम्ही कचऱ्यात टाकली. तुम्हाला ते पान कधी आवडलंच नव्हतं, मामा. तुम्हाला एक्केचाळीस हा आकडा आवडत होता.

कड कापून उपयोग झालेला नाही. कुठलाही कागद पाण्यात घालण्याआधी आम्ही त्याचं छायाचित्र काढतो, दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. ही सवय इतकी पक्की आहे की आपण काय करतोय हे माहीत असतानाही हात ती पाळतो. ते छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात पूर्ण कड आहे, केसाळ, तशाच हिरव्या तंतूसकट. काल ग्रंथालयाच्या प्रतीशेजारी ठेवून पाहिलं. जुळतं. त्यावर तारीखही आहे, आणि ती तीन वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे ज्यानं तुम्ही पकडले जाता, त्यानंच मीही.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुला त्यानं बोटाला धरून शाळेत नेलं. तेवढं तरी लिही त्या अहवालात." मी म्हणाले, अहवालात तसा रकाना नाही. ती म्हणाली, "मग मला जेवायला वाढ म्हणू नकोस आज." आम्ही दोघी जेवलो नाही. तिनं तुम्हाला फोन केला असेल तर मला सांगितलेलं नाही.

अहवाल पूर्ण आहे. उद्या, समिती बसण्याआधी, ग्रंथपालांच्या हातात देतेय. चाचणी, तंतू, छायाचित्र, आणि शेवटच्या परिच्छेदात: 'पान धुण्याचे व बसवण्याचे काम हा अहवाल लिहिणारीने केले. वासावरून तिला शंका आली होती. तिने ती नोंदवली नाही.' सही पूर्ण नावानं केलीय. त्यानंतर नव्या खिडकीजवळचं ते टेबल माझं राहील असं वाटत नाही. हत्यारं पुसून पेटीत भरून ठेवली आहेत. एक्केचाळिसाव्या वर्णनपत्राऐवजी तुम्हाला अहवालाची नक्कल पाठवतेय. ती तुम्ही काचेखाली ठेवणार नाही, हे माहीत आहे.

आज दुपारी तळघरात जाऊन ताईंना भेटले. उद्या समितीच्या आधी त्यांना माझ्याकडून कळावं असं वाटलं. त्या सुतळीनं गठ्ठे बांधत होत्या, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. मला बघून उठल्या, माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी सुरुवात कशी करावी याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमच्या मामांची दाढ दुखायची राहिली का हो? फार त्रासात होते त्या दिवशी."

त्यानंतर मी त्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग खाली बसून सुटलेला गठ्ठा पुन्हा बांधला. गाठ पक्की आहे का ते ओढून पाहिलं. मी निघाले तेव्हा स्टूल पुन्हा पुसत होत्या.

मामींना नमस्कार. पट्टा डाव्या पायाचा आहे.

दाढ दाखवून घ्या. त्यांनी विचारलं होतं.

ते पान धुणारी,
तुमची भाची