अस्वलाचं तेविसावं मिनिट

३ जून, मंगळवार

धुळ्याहून दीपकदादाचा पुन्हा फोन. "अस्वलनं उरेल काम कव्हय देशी? बावीसले शो शे." देते म्हटलं. दिलं नाही.

काय उरलंय ते लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थांबेल. कार्टूनचा पिक्चर. प्राणिसंग्रहालयाची गाडी जंगलात उलटते आणि तीन प्राणी बाहेर पडतात – सिंह, शहामृग, म्हातारं अस्वल. जंगलात कसं राहायचं ते एकालाही माहीत नाही. सिंह गवताला घाबरतो. अस्वल चार वाजले की पिंजऱ्यातल्या भाकरीची वाट बघतं आणि दिवसभर कण्हतं. गुडघा, दाढ, पोट, सगळंच दुखतं त्याचं. आम्ही तो अहिराणीत डब करतोय. सिंह दीपकदादा, शहामृग मी.

अस्वल आबा, माझे वडील. त्यांचे सगळे सीन झाले, शेवटचा सोडून.

आबा गेल्याला आज सतरावा दिवस.

५ जून

पारोळ्याची आत्या आली होती. येणारा प्रत्येक जण विचारतो तेच तिने विचारलं, "आधी काही बोललेच नाहीत का बन्सीभाऊ?"

"काहीच नाही," मी म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

आता हे वाक्य मला न अडखळता म्हणता येतं.

८ जून

सतरा मेच्या रेकॉर्डिंगची फाईल उघडली. वीस दिवस टाळली होती.

मागची खोली. भिंतींना आणि दाराला गोधड्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. बाहेर चव्वेचाळीस. आबांचा सदरा पाठीला चिकटला होता, हनुवटीवरून घाम गळत होता. मी बघितलं होतं. उकाडा, असं वाटलं.

अस्वलाचं वाक्य गुडघ्याचं होतं. कागदावर गुडघाच आहे, आत्ता पुन्हा बघितलं. आबा म्हणाले, "ए माय, छातीमा कळ यी ऱ्हायनी वं. पंखा लाव ना."

आबा नेहमीच पदरचं घालायचे. महिनाभर घरातसुद्धा अस्वल झाले होते – चहासुद्धा कण्हत मागायचे. आणि जंगलात पंखा मागणारं अस्वल! फाईलमध्ये मी हसतेय. मग माझाच आवाज, अगदी स्वच्छ: "भारी, आबा. आखो एकदाव. जरा मोठ्याने."

चार-पाच श्वास. मग त्यांनी पुन्हा म्हटलं. मोठ्याने, पूर्ण अस्वलासारखं. तोच टेक घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

मला इतके दिवस आठवत होतं की मी विचारलं होतं – खरंच दुखतंय का आबा? फाईल तीनदा ऐकली. नाही विचारलं.

९ जून

भांडी घासताना ऐकू येतं. कुकरची शिट्टी होण्याआधी, नळ बंद केल्यावर. वाक्य नाही, मधले श्वास.

११ जून

दीपकदादाला म्हटलं, तेविसाव्या मिनिटाचं वाक्य बदलू, कागदावरचा गुडघाच ठेवू.

"येडी व्हयनी का? बठ्ठा पिक्चरमा तोच त हासा शे! मी त घरमा बी तेच म्हनस, पंखा लाव ना वं. बायको लाटणं दखाडस." मग हळूच, "आबानी आठवण शे ती, वृषाली. ऱ्हाऊ दे."

त्याला काय सांगू. त्याला सांगितलं तर आईला कळेल. आईला कळलं तर तिच्यासमोर मी जेवायला कशी बसू?

१४ जून

वाक्य कापलं. संध्याकाळी परत जोडलं.

मला अक्षरं आबांनी शिकवली. एसटीची ड्युटी संपली की खाकी शर्टातच बसायचे, पाटी मांडीवर. चुकलं तर हाताने पुसू द्यायचे नाहीत. चूक तशीच ठेवून खाली पुन्हा लिहायचं, म्हणजे काय चुकलं ते दिसतं. कापलं तर मी पुसलं. ठेवलं तर पोरं हसणार. दोन्हीत मीच.

शेवटचा सीनही केला. अस्वलाला जंगलात उलटलेला पिंजरा सापडतो. ते आत जाऊन बसतं आणि दार स्वतःच ओढून घेतं. तिथे एक वाक्य आहे. दुसऱ्या कोणाच्या आवाजात ते नको वाटलं. सतरा मेचे मधले श्वास उचलून तिथे ठेवले.

बरोबर बसले. ओठ हलतात तिथेच.

१९ जून

आई म्हणते, शोला येणार. म्हटलं, ऊन आहे, गर्दी असेल, पोरं गोंगाट करतात.

"माले त्यासना आवाज आयकना शे," एवढंच म्हणाली.

योजना – बाविसाव्या मिनिटाला तिला पाणी प्यायला बाहेर न्यायचं.

२२ जून, रविवार

सकाळच्या बसने धुळं. हॉल पोरांनी गच्च. अस्वलाचं पहिलं कण्हणं आलं आणि आईने पदर तोंडाला लावला. रडतेय वाटलं. हसत होती.

मी घड्याळ बघत होते. बाविसाव्या मिनिटाला म्हटलं, "आई, चल, पाणी पिऊन येऊ."

"तू पी. मी बठेल शे."

हात धरून ओढला. तिने सोडवून घेतला. मग ते वाक्य आलं. अख्खा हॉल हसला. मागे एक पोरगी आईला तेच म्हणून दाखवत होती, पंखा लाव ना वं, पंखा लाव ना.

आई हसली नाही. पडद्याकडेही बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

परतताना मुकटी गेलं, पारोळा गेलं. एरंडोलला तिने विचारलं, "ते कागदवर व्हतं का?"

नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं – घाम, आखो एकदाव, आत्याशी खोटं बोलले तेही. ती जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

२३ जून

सकाळी आई गोधड्यांच्या खोलीत आली. पंखा लावला. माझ्याशेजारी बसली.

"त्या दिनले सकायमा माले बी तेच बोलनात. छातीमा कळ शे. माले वाटनं, अस्वल शे. मी बी हासनू."